न पाहिलेले बत्तीस बोल्ट

अक्का,

तुझ्या शोकसभेला तुझा फोटो हॉलच्या बाहेर लावला होता, आणि तो फ्लेक्सवर होता. बारा फूट बाय आठ. वारा आरपार जायला एकही भोक नाही. चारही कोपरे बांधायच्या तारेने गच्चीच्या कठड्याला आवळलेले. दर मिनिटाला तो फुगायचा, सपकन मागे यायचा, आणि कठड्याच्या वरच्या थरातल्या विटा जरा जरा हलायच्या. खाली लोक चपला काढत होते. मी आत जायच्या आधी जिना चढले, पर्समधली पक्कड काढली आणि तारा तोडल्या. फ्लेक्स खाली आला तेव्हा नीट दिसला. तुझा चेहरा एका कोपऱ्यात, आणि ‘शोकाकुल’ या शब्दावर विनायकरावांचा, तुझ्या दुप्पट. ‘श्रद्धांजली’ चुकीचं लिहिलेलं.

दुःख व्हायला हवं होतं. मला किळस आली, आणि गेले सव्वीस दिवस ती पुरली आहे.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी माझ्याकडे ‘अक्कांबद्दल चार गोड शब्द’ मागितले आहेत. गोड मला कधी जमलं नाही, ते तुला ठाऊक आहे. जे लिहायचं ते मी तुलाच लिहिते. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

विनायकराव त्या दिवशी बावीस मिनिटं बोलले. मी घड्याळ पाहत होते. मंडळाचे कार्यवाह म्हणून पहिला मान त्यांचा. “अक्कांचं काम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ,” ते म्हणाले. “माझी दिलसुखनगरची इमारत बघा. पाच मजले, वर शेड. खाली-वर सगळा कोचिंग क्लास. वादळ येऊ दे, पत्रा हलायचा नाही. का? अक्कांची सही आहे त्यावर.” लोकांनी माना डोलावल्या. मागच्या रांगेत समोसे फिरत होते. एक बाई तुझ्या हार घातलेल्या फोटोशेजारी उभी राहून सेल्फी घेत होती, आधी चष्मा लावून, मग काढून. मी मधल्या रांगेत बसून एकच वाक्य मनात म्हणत होते. ती शेड अक्काने पाहिलेली नाही.

मी परभणीहून लग्न होऊन हैदराबादला आले तेव्हा मला तेलुगूचा एक शब्द येत नव्हता. डिप्लोमा होता, नोकरी नव्हती. सुलतान बाजारात कापडाच्या दुकानावरच्या मजल्यावर तुझं ऑफिस होतं. इमारत किती भार सोसेल, कुठे वाकेल, कुठून उडेल, याचं गणित तू मांडून द्यायचीस. तू मला समोरच्या टेबलावर बसवलंस आणि म्हणालीस, “मी मांडणार, तू चुका काढायच्या. चूक काढल्यावर माफी मागायची नाही.” सव्वीस वर्षं तेच चाललं. मिस्त्री, वेल्डर, दुकानदार सगळे तुला अक्काच म्हणायचे. थोरल्या बहिणीला मराठीतही अक्का आणि तेलुगूतही अक्का. त्यामुळे तू कोणाची, हा प्रश्न कोणाला पडला नाही.

पहिल्याच आठवड्यात तू मला नामपल्लीच्या एका गोदामाच्या छतावर नेलंस. वरून एक वेल्डर ओरडला, “अक्का, गाली चाला उंदि.” मी पदर खोचून पुढे झाले. “कोण गाली देतंय अक्काला?” तू छताच्या कडेला बसून इतकी हसलीस की त्याने मशीन बंद केलं. “अगं बये, तेलुगूत गाली म्हणजे वारा. तो सांगतोय, वर वारा फार आहे.” मग डोळे पुसत म्हणालीस, “तशी शिवीच असते म्हणा. छताला दिलेली.”

त्याच दुपारी तू डब्याला गुंडाळलेल्या वर्तमानपत्राची एक पट्टी फाडलीस, खालच्या ओठाशी धरलीस आणि तिच्या वरून फुंकर मारलीस. मला वाटलं पट्टी खाली वाकेल. ती उचलली गेली.

“बघ. सगळ्यांना वाटतं वारा ढकलतो. भिंतीला ढकलतो, खरं आहे. छताला तो उपटतो. स्लॅब स्वतःच्या वजनाने बसून राहतो. पत्र्याला वजनच नाही. म्हणून पत्रे बसवायचे नसतात, बांधायचे असतात.”

तेव्हापासून कोणी ‘पत्रे बसवले’ म्हणालं की तू त्याला वाक्य परत म्हणायला लावायचीस. पन्नाशीचे ठेकेदार शाळेतल्यासारखे म्हणायचे, बांधले, अक्का, बांधले.

मी याद्या करते. त्यावरून तू मला आयुष्यभर बोललीस. पण आपल्या कामांची वही माझ्याच यादीतून झाली. मी तीन रकाने आखले होते: सांगितलं, काढलं, केलं. चौथा तू तुझ्या हाताने, पट्टी न लावता, वाकडा आखलास आणि वर लिहिलंस, ‘पाहिलं’. “‘केलं’ हे ते सांगतात,” तू म्हणालीस. “‘पाहिलं’ हे आपण.” त्या वाकड्या रकान्यासाठी तू उन्हातान्हात किती छतं चढलीस ते मी मोजलं नाही, आणि मी न मोजलेल्या गोष्टी थोड्या आहेत. कोणी सांगितलं की चार बोल्ट लावलेत, तर तू म्हणायचीस, “फोटो?” फोटो दाखवला तर, “हा कुठल्या खांबाचा? नंबर कुठाय?” मग खांबांच्या पायाशी खडूने नंबर घालून पुन्हा फोटो.

बेगमबझारच्या त्या व्यापाऱ्याला तू कडेच्या दोन ओळी उघडायला लावल्यास, कारण कडेला वारा सगळ्यात जास्त ओढतो आणि त्याने तिथेही मधल्याइतकेच स्क्रू मारले होते. तो वैतागून म्हणाला, “मेडम, औरत होके इत्ता शक?” तू म्हणालीस, “औरत हूं इसीलिए. ढक्कन लगा क्या नै, देख के च सोती.” तो हसला आणि त्याने स्क्रू मागवले. पुढे त्याच्या तिन्ही गोदामांचं काम आपल्याकडे आलं. तुझं हे मला फार आवडायचं, अक्का. कधी सांगितलं नाही. सांगायचं म्हणून कुठल्या यादीत लिहिलंही नाही.

आता शेड.

विनायकरावांची शेड तीन वर्षांपूर्वीची. ‘क्लासच्या मुलांना डबा खायला सावली पाहिजे’, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. तू काढलेला नकाशा माझ्यासमोर आहे. आठ खांब. प्रत्येक खांबाच्या पायाशी लोखंडी पट्टी, प्रत्येक पट्टीला चार बोल्ट, खालच्या काँक्रीटमध्ये वीतभर खोल. म्हणजे बत्तीस बोल्ट. दोन्ही टोकांना तिरप्या सळयांची कैची, खांब डोलू नयेत म्हणून. आणि कोपऱ्यात तुझ्या अक्षरात टीप: चारही बाजू उघड्या ठेवणे. उघड्या शेडमधून वारा निघून जातो. तीन बाजू बंद केल्या तर तो आत शिरतो आणि त्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. मग खालून तोच फुगवतो आणि वरून तोच ओढतो. हे तू मला शिकवलंस, मी नव्या पोरांना शिकवलं.

यंदा शिवरात्रीच्या आदल्या दिवशी मी जुन्या वह्या तपासत होते. विनायकरावांच्या ओळीत चौथ्या रकान्यात तुझी निळी खूण होती. पाहिलं. फायलीत प्रमाणपत्राची प्रत होती. ‘प्रत्यक्ष पाहणी केली, काम नकाशाप्रमाणे आहे.’ खाली तुझी सही. त्या महिन्यातली तुझी डायरी मीच ठेवली होती. तू दिलसुखनगरला गेली नव्हतीस. तुझ्या गुडघ्यांनी तेव्हाच दुसऱ्या मजल्याच्या वर जायचं सोडलं होतं. वर मी जायचे. आणि मीही गेले नव्हते.

“हे कधी पाहिलंस?” मी विचारलं.

“फोनवर विचारलं होतं. विनायकराव म्हणाले, सगळं नकाशाप्रमाणे आहे.”

“फोनवर.”

“अगं, आपला माणूस आहे. तो मला कशाला फसवेल?”

“यादगिरी वीस वर्षं आपलं वेल्डिंगचं काम करतो. त्याच्याकडे तू अजून बोल्टाचा फोटो मागतेस.”

“यादगिरीचं वेगळं.”

“काय वेगळं? तो तेलुगू बोलतो, एवढंच ना?”

तू चष्मा काढून टेबलावर ठेवलास. “वाऱ्याला काय मराठी कळतं, असं म्हणायचंय ना तुला? म्हणून टाक.”

“नाही कळत.”

“उषे, तुला याद्या कळतात. माणसं कळत नाहीत.”

मी वही मिटली. त्यानंतर आपण बोललो ते कामापुरतं. फाइल दे, फोन आला होता, पंखा बंद कर. शिवरात्र ते तुझं जाणं, एवढे दिवस.

मला या ‘आपला माणूस’ची शिसारी आली आहे. इथे पिढ्यानुपिढ्या राहून आपण भाजी तेलुगूत घेतो, रिक्षावाल्याशी दखनीत भांडतो, आपल्या मुलांना मराठी धड वाचता येत नाही. आणि हॉलमध्ये कोणी जोडे काढून ‘नमस्कार अक्का, तब्येत काय म्हणते’ असं नांदेडच्या वळणाने म्हटलं की आपण लगेच विरघळतो. मराठीत बोललेलं खोटं आपल्याला खोटं वाटतच नाही. वाटतं, हा माणूस घरातलं काहीतरी सांगतोय. तू, जी स्वतःच्या भावाने लावलेल्या गॅसच्या नळीवर साबणाचं पाणी टाकून पाहायचीस, ती या एका शब्दापुढे आंधळी झालीस. परका ठेकेदार असता तर तू मला त्याच दिवशी वर पाठवलं असतंस.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी दिलसुखनगरला गेले. जिन्यात पानाच्या पिचकाऱ्या, त्यांच्यावर गेल्या वर्षीच्या रँकवाल्या मुलांचे फोटो चिकटवलेले. पाचव्या मजल्यावरून आणखी एक लोखंडी जिना. वर डबा खायची जागा नव्हती. वर वर्ग होता. तीन बाजू पत्र्याने बंद, चौथ्या बाजूला दार आणि प्लॅस्टिकच्या दोन खिडक्या. दाटीवाटीने बाक, बाकावर चार-चार मुलं, फळ्यासमोर एक सर. मी मागच्या भिंतीशी वाकून खांबांचे पाय पाहिले. पट्टीला चारऐवजी दोन बोल्ट. एका पट्टीत तर दुसऱ्या भोकात बोल्टच नव्हता, सिमेंट भरून वर रंग मारला होता. बत्तीसच्या जागी पंधरा. दाराच्या बाजूची कैची मध्ये येत होती म्हणून कापलेली. कापलेल्या सळीचं टोक तसंच ठेवलेलं, आणि त्याला एका मुलीने आपली डब्याची पिशवी अडकवली होती.

आणि प्रत्येक खांबाच्या पायाशी खडूने नंबर होते. एक ते आठ. वेडेवाकडे, पण क्रमाने.

खाली येऊन मी वॉचमनला विचारलं, “ऊपर वो नंबर कौन लिखा?”

“मैं लिखा मेडम. बड़ी मेडम आई थी ना, उनो बोली लिखने कू. तीसरे माले पे बैठ गई थी, सांस चढ़ गया था उनका. चाक दिए, फोन दिए, मेरे कू ऊपर भेजे.”

“फिर?”

“फोटू देखी. देखती च रही. पानी पी, दस मिनट बैठी. फिर दीवार पकड़ पकड़ के उतर गई.”

“कुछ बोली?”

“हौ. बोली, किसी कू नक्को बोलो.”

तुझा फोन तुझ्या भाच्याने माझ्याकडेच दिला होता, ऑफिसचे नंबर उतरवून घ्यायला. माझ्या यादीत ते काम सातवं होतं. सहावं होईपर्यंत मी फोन उघडला नव्हता. त्या संध्याकाळी उघडला. आठ फोटो. दोन फोटोंत वॉचमनचा अंगठा. आठव्यात कापलेली कैची अगदी स्वच्छ. तारीख होती तू जाण्याच्या नऊ दिवस आधीची.

म्हणजे आपल्या भांडणानंतर तू एकटी, मला न सांगता, तीन मजले चढलीस. चढायला तुला किती वेळ लागला असेल ते मी मनात मोजते. आणि लगेच दुसरं मोजते: नऊ दिवस. नऊ दिवस तुला माहीत होतं. त्यातले सात दिवस तू ऑफिसला आलीस. माझ्यासमोर बसलीस. वर मुलं बाकावर चार-चार बसत होती, चैत्राचं ऊन तापत होतं, संध्याकाळच्या वावटळी सुरू व्हायच्या होत्या, आणि तू गप्प होतीस. विनायकरावांनी फसवलं म्हणून लाज वाटली? माझं खरं निघालं म्हणून? मला याद्या कळतात, अक्का. मी दोन्ही कारणं लिहून पाहिली. दोन्हींचा मला तिटकारा आला.

मग मला तो मंगळवार आठवला. तू उठून माझ्या टेबलापाशी आलीस. तू कधी येत नव्हतीस. हाक मारायचीस, मी यायचे. तू म्हणालीस, “उषे, चहा घेतेस?” मी मान वर न करता म्हटलं, “नको.” तू टेबलावरचा माझा लाल पेन सरळ करून ठेवलास आणि परत गेलीस. मी तेव्हा एका बेरजेत होते. बेरीज बरोबर आली होती, हेही मला आठवतं.

चहाचं विचारायला कोणी सव्वीस वर्षांत पहिल्यांदा उठून येत नाही. मला माणसं कळत नाहीत, हे तुझं बोलणं त्या दिवशी मी खरं केलं.

रात्रीतून पत्र लिहून ठेवलं, असं इथे लिहिलं तर चांगलं दिसेल. तसं झालं नाही. पहिलं वाक्य लगेच सुचलं: ‘या शेडचं प्रमाणपत्र प्रत्यक्ष पाहणी न करता दिलेलं असून ते रद्द समजावं.’ दुसऱ्या वाक्यापाशी मी अडले. त्यात तुझं नाव यायला हवं होतं. ज्या बाईने अख्ख्या सुलतान बाजाराला ‘बांधले’ म्हणायला शिकवलं, तिने न पाहता सही केली, हे तिचा हारही सुकलेला नसताना मी लिहायचं. मी पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं. उद्या बघू. दुसऱ्या दिवशीही उद्या बघू. मी तुला नऊ दिवसांवरून नावं ठेवत होते आणि माझे दोन झाले होते.

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, साडेतीनला वारा सुटला. खालच्या दुकानदाराने बाहेर टांगलेल्या ओढण्या आडव्या झाल्या आणि धूळ आपल्या मजल्यापर्यंत आली. मी ड्रॉवर उघडला. दुसरं वाक्य उभ्यानेच लिहिलं: ‘ही चूक आमच्या ऑफिसची आहे. ती शोधून काढण्यासाठी लागणारे सोबतचे आठ फोटो ज्यांनी प्रमाणपत्र दिलं त्यांनीच, प्रकृती साथ देत नसताना, तिथे जाऊन मिळवले.’ दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. दोन्ही तुझ्याच होत्या. एक लिहायची आणि एक सोडायची, असं करायचा मला हक्क नव्हता. शिक्का मारला, रिक्षा केली. चादरघाटावर रिक्षावाला म्हणाला, “ऐसे तूफान में कां जारे अम्मा, थोड़ा ठैर जाओ.” मी त्याला म्हटलं, चल.

क्लास श्रीलता मॅडम चालवतात. जागा विनायकरावांची, भाड्याने. सडपातळ अंगाच्या, बोलायला कमी. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि फोटो एकेक करून मोठे केले.

“ये साइन आपके अक्का का है ना? फिर आप कैसे बोल रहे गलत है?”

“उन्होंने देखा नहीं था.”

“आपको कैसे मालूम?”

“मैं सामने बैठती थी.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. मग घंटा वाजवली. लोखंडी जिन्यावरून मुलं उतरायला लागली, दप्तरं डोक्यावर धरून, कुरकुरत, कारण परीक्षा अर्धी राहिली होती. मी जिन्याच्या तळाशी उभी राहून मोजत होते. शेवटी सर खडूचा डबा घेऊन उतरले.

काही उडालं नाही. हे मी मुद्दाम लिहिते. वारा वीस मिनिटांनी पडला, चार थेंब आले, पत्रे जागेवर होते. श्रीलता मॅडमनी तरीही वर कुलूप लावलं आणि पालकांना कळवलं. छत उडालं नाही म्हणजे छत बरोबर होतं, असं म्हणणारे लोक मला त्या संध्याकाळीच तीन भेटले. त्यातले दोन मंडळातले.

शनिवारी विनायकराव ऑफिसला आले. तुझ्या खुर्चीवर बसणार होते. मी फाइल ठेवली म्हणून बाजूच्या स्टुलावर बसले.

“उषाताई, हे पत्र तुम्ही लिहिलंत?”

“सही माझीच आहे.”

“अहो, घरातली गोष्ट. मला एक फोन करायचा. आपण आपसात मिटवलं असतं. त्या तेलुगू लोकांना कशाला सांगायचं?”

“मुलं त्यांची आहेत.”

“वेल्डरने दोन बोल्ट कमी टाकले असतील. मी काय वर चढून बघतो का?”

“तुम्ही अक्काला सांगितलंत, नकाशाप्रमाणे आहे.”

“सांगितलं. वेल्डरने मला सांगितलं, मी अक्कांना सांगितलं.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “मी काय आलो होतो, मंडळातर्फे अक्कांच्या नावाने पुरस्कार ठेवायचा विचार आहे. दरवर्षी एका तरुण इंजिनियरला. पहिला तुमच्या हस्ते. हे पत्र तेवढं मागे घ्या. गेलेल्या माणसाच्या नावाला बट्टा नको.”

माझ्यासमोर माझा चहा होता. मला तो पिववेना. एवढंच सांगते.

“प्रमाणपत्रात पाहणी केली असं लिहिलंय,” ते म्हणाले. “म्हणजे तुमचं म्हणणं काय? अक्का खोटं बोलल्या?”

“हो,” मी म्हटलं.

अक्का, आयुष्यात मी तुझ्या खूप चुका काढल्या. ही काढताना पहिल्यांदा माफी मागावीशी वाटली. तू ती घेतली नसतीस. विनायकराव उठले, दारात थांबले आणि म्हणाले, “अक्का असत्या तर तुम्हाला हे करू दिलं नसतं.” ते मला ठाऊक नाही. मंगळवारी मी मान वर केली असती तर ठाऊक झालं असतं. आता राहिलेली वर्षं मी हे असंच, अर्धवट, जवळ बाळगणार. तू माझ्याशी बोलणार होतीस, असं मी धरून चालते. कागदावर ते सिद्ध होत नाही, पण धरून चालते.

तुझ्यावर राग आहे का? आहे. सकाळी ऑफिस उघडते तेव्हा असतो, दुपारी डबा खाताना असतो. पण तू नसतीस तर परभणीची ही डिप्लोमावाली पोळ्या मोजत बसली असती, आणि छत ढकललं जातं असंच समजत मेली असती. हेही राग असतानाच आठवतं. दोन्ही एकाच वेळी असतात. कुठल्या रकान्यात घालायचं ते मला कळत नाही.

बाकीचं कळवते. तुझं लायसन्स परत केलं. तुझे लेटरहेड फाडले. चालू कामं सहा, त्यातली चार मी घेतली. मागच्या दहा वर्षांतल्या ‘पाहिलं’ची यादी काढली आहे आणि एकेक छत चढते आहे, तुझी दुसरी अशी खूण अजून सापडलेली नाही. सापडली तर लिहीन.

क्लासच्या पालकांनी हट्ट सोडला नाही, म्हणून शेड काढायचं विनायकरावांना कबूल करावं लागलं. श्रीलता मॅडमची अट एकच, काढताना मी समोर हवी. काल सकाळी यादगिरी चार माणसं घेऊन वर गेला. आधी बाजूचे पत्रे निघाले, मग छताचे, मधून कडेकडे. विनायकराव सावलीत उभे राहून फोनवर बोलत होते. शेवटी दाराच्या वरचा कोपऱ्यातला पत्रा राहिला. यादगिरी शिडीवर चढला, पाना घेऊन स्क्रू शोधायला लागला. या कडेला पाहिलं, त्या कडेला पाहिलं, हात फिरवून पाहिला. मग त्याने पाना खिशात ठेवला आणि पत्रा दोन हातांनी नुसता उचलून माझ्याकडे दिला.